धुतलेलं कापड आणि जाईचा गजरा

साताऱ्याच्या मंडईतून आणलेली कोथिंबिरीची ताजी जुडी निवडून बारीक चिरायला घेतली की पहिल्या काही क्षणांत एक वास उसळतो. हिरवा, थोडा मेणचट, नाकात शिरून वर चढणारा. या वासातला एक मोठा वाटेकरी म्हणजे डेकॅनाल नावाचा रेणू. दहा कार्बन अणूंची सरळ साखळी आणि तिच्या टोकाच्या कार्बनला हायड्रोजन आणि ऑक्सिजन जोडून झालेला एक छोटा गट, एवढीच त्याची रचना. गेल्या शंभर वर्षांत जगात सर्वाधिक नाव झालेल्या परफ्यूमच्या, म्हणजे शनेल नंबर ५च्या, पहिल्या फवाऱ्यात जी चमक जाणवते तिच्यामागे हाच रेणू आणि त्याची सख्खी भावंडं आहेत. मुंबईच्या विमानतळावर काचेच्या कपाटात ठेवलेली ती चौकोनी बाटली पाहून हे आपल्या नाकाचं काम नव्हे असं वाटणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यातलं निम्मं गणित रोज सकाळी पोह्यांवर भुरभुरलेलं असतं.

या प्रकारच्या परफ्यूमना अल्डिहाइडिक फ्लोरल म्हणतात. नाव बोजड आहे, पण त्यामागची कल्पना सोपी आहे. भरपूर फुलं घ्यायची, जाई, गुलाब, इलँग-इलँग अशी, आणि त्यांच्यावर अगदी थोड्या प्रमाणात मेदयुक्त अल्डिहाइडं घालायची. मग जे तयार होतं ते फुलांसारखं असतं, पण कुठल्याही एका फुलाचं नसतं. आज पंचविशीत असलेले अनेक जण हा वास घेऊन ‘साबणासारखा’ म्हणतात आणि बाटली खाली ठेवतात. मला हा प्रकार सगळ्या सुगंधांत सर्वांत जवळचा वाटतो, आणि साबणाची आठवण हीच त्याच्या मोहिनीची किल्ली आहे असं माझं मत आहे.

आधी थोडं रसायनशास्त्र पाहू. अल्डिहाइड हा संयुगांचा मोठा गोतावळा आहे. दालचिनीचा वास, व्हॅनिलाचा वास, जिऱ्याचा आणि कडू बदामाचा वास हे सगळे मुळात अल्डिहाइडांचेच. पण परफ्यूमवाले ‘अल्डिहाइडिक’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात सरळ साखळीची, चरबीच्या नात्यातली अल्डिहाइडं असतात. साखळीत जितके कार्बन तितका त्यांचा क्रमांक: सी-८, सी-९, सी-१०, सी-११, सी-१२. सी-८ आणि सी-१० संत्र्याच्या सालीतही असतात. सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीनच असतं, पण नुसत्या लिमोनीनला संत्र्याचा तो टवटवीत, रसरशीत वास येत नाही. ही अल्डिहाइडं अत्यल्प प्रमाणात असतात, पण त्यांच्यावाचून संत्रं संत्रं वाटत नाही. सी-११ला मेण आणि गुलाबाची झाक असते. सी-१२ अधिक कोरडं, साबणाकडे आणि नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराकडे झुकणारं. डेकॅनाल ओळखायला नाकाला पाण्यात अब्जात एखाद-दुसरा भागही पुरतो. याच कुळातले रेणू खवट तेलातही असतात. डब्याच्या तळाशी उरलेल्या शेवेला येणारा तो वास आणि उंची परफ्यूमचा झळाळ यांत फरक आहे तो मुख्यतः मात्रेचा आणि सोबतीचा.

कोथिंबिरीकडे परत जावंसं वाटतं, कारण तिथे आणखी एक गंमत आहे. जगातल्या काही लोकांना कोथिंबीर खाताना साबण चावल्यासारखं वाटतं. या नावडीचा काही भाग जनुकांत असतो, विशेषतः अल्डिहाइडं टिपणाऱ्या एका गंधग्राहकाच्या जनुकाजवळ, असं २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. त्याच वर्षी कॅनडात झालेल्या एका पाहणीत पूर्व आशियाई मुळाच्या तरुणांपैकी २१ टक्क्यांना कोथिंबीर नावडती होती, तर दक्षिण आशियाई मुळाच्या तरुणांपैकी फक्त ७ टक्क्यांना. म्हणजे आपण या वासाशी लहानपणापासून सलगी केलेली माणसं आहोत. आता तेच झाड शेतात राहू द्या, फुलोरा येऊ द्या, फळं पिकू द्या. पानांतली अल्डिहाइडं मागे पडतात आणि पिकलेल्या धन्यांच्या तेलात बहुतांश लिनलूल भरतं. हे लिनलूल मोगऱ्याच्या वासाचाही कणा आहे. एकाच रोपात आधी अल्डिहाइड आणि मग फूल! परफ्यूम बनवणाऱ्याने जे दोन टोकांहून आणून बाटलीत एकत्र केलं, ते कोरेगाव-खटावच्या शिवारात एकाच हंगामात घडतं.

दुसरी ओळख उन्हातली. वाईचे घाट, माहुलीचा संगम, औदुंबर, सांगलीचा आयर्विन पूल, कृष्णेच्या या सगळ्या वाटेवर धुणं धुणाऱ्या आणि काठावर वाळत घालणाऱ्या बायकांच्या पिढ्या गेल्या. लुगडं आपटून, पिळून दगडांवर पसरायचं आणि दुपारी गोळा करायचं. त्या कापडाला एक वास असतो. तो साबणाचा नव्हे आणि नदीचाही नव्हे. तो उन्हाचा आहे, असं आपण सहज म्हणून जातो. कोपनहेगन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी या वासाचा खरोखर छडा लावला आणि २०२०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी सुती टॉवेल नुसत्या शुद्ध पाण्यात धुतले. काही खोलीत वाळवले, काही सज्जात सावलीला, काही थेट उन्हात. मग प्रत्येकातून कोणते वायुरूप रेणू बाहेर पडतात ते मोजलं. उन्हात वाळलेल्या टॉवेलांतच पेंटॅनाल, ऑक्टॅनाल, नोनॅनाल अशी अल्डिहाइडं आणि त्यांच्या जोडीची कीटोनं सापडली. ओल्या कापडावर ऊन पडतं तेव्हा पृष्ठभागावर रासायनिक क्रिया सुरू होतात आणि हवेतल्या ओझोनचाही त्यात हात असावा, असा त्यांचा अंदाज. घरात उंच वलणीवर वाळवलेल्या सोवळ्याच्या वस्त्राला हा वास का येत नाही, याचं उत्तर इथे मिळतं.

म्हणजे ‘स्वच्छ’ हा वास आपण कल्पनेने ठरवलेला नाही. धुतलेल्या सुती कापडावर ऊन पडलं की तो रसायन म्हणून खरोखर तयार होतो, आणि ती रसायनं सी-८ आणि सी-९ आहेत.

हे ध्यानात ठेवून १९२१च्या फ्रान्सकडे पाहिलं की गाब्रिएल शनेलची गोष्ट वेगळी दिसू लागते. तिची आई धोबीण होती. आई गेली तेव्हा गाब्रिएल बाराच्या आसपास होती. वडिलांनी तिला ओबाझीन इथल्या जोगिणींच्या अनाथाश्रमात ठेवलं. घासून-पुसून लख्ख ठेवलेल्या भिंती, खळ केलेले पांढरे कपडे आणि कडक शिस्त यांत ती वाढली. पुढे पॅरिसमध्ये तिने बायकांचे कपडे सुटसुटीत केले आणि तिला स्वतःचा सुगंध हवा झाला. त्या काळी ‘चांगल्या घरच्या’ बाईने एकाच फुलाचा हलका वास लावावा असा शिष्टाचार होता, आणि कस्तुरी-जवादाचे जड वास नाटकवाल्यांकडे आणि नायकिणींकडे ढकललेले होते. शनेलला या दोन्ही खणांत बसणारा वास नको होता.

तिला भेटलेला गंधकार अर्नेस्त बो हा मॉस्कोत जन्मलेला फ्रेंच माणूस. रशियातल्या राले कंपनीत तो घडला; क्रांतीनंतर फ्रान्सला आला. मधल्या युद्धकाळात तो उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे तैनात होता. तिथे मध्यरात्रीही मावळत नसलेल्या सूर्याखाली तळी आणि नद्या जो कमालीचा ताजा वास सोडत, तो आपल्याला पकडायचा होता, असं त्याने पुढे सांगितलं. त्याने क्रमांक घातलेले नमुने शनेलपुढे मांडले, १ ते ५ आणि २० ते २४. तिने पाचवा उचलला. अल्डिहाइडं वापरणारा बो पहिला नव्हता, हे सांगायलाच हवं. उबिगाँ या घराण्याच्या ‘केल्क फ्लर’मध्ये १९१२लाच कृत्रिम अल्डिहाइड होतं, आणि १९०४मध्ये दार्झाँ या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेल्या कृतीमुळे अशी अल्डिहाइडं प्रयोगशाळेत करणं शक्य झालेलं होतं. बोचं धाडस मात्रेत होतं. इतरांनी चिमूटभर घातली तिथे त्याने अल्डिहाइडांना पुढच्या रांगेत बसवलं. पुढे लाँव्हँचं ‘आर्पेज’ १९२७मध्ये आलं, वर्थचं ‘जु रेव्हियाँ’ १९३२मध्ये, आणि १९७८मध्ये सोफिया ग्रोयस्मन हिने एस्टी लॉडरसाठी केलेल्या सुगंधाला तर थेट धुतलेल्या कापडाचंच नाव मिळालं: ‘व्हाइट लिनन’.

या सुगंधाची एक पट्टी हातात घेऊन बघू. पांढऱ्या कागदाच्या पट्टीच्या टोकावर एक फवारा. अल्कोहोल उडेपर्यंत थांबायचं आणि मग पट्टी नाकापासून चार बोटं दूर धरायची. पहिला धक्का थंड असतो. नाकपुडीच्या वरच्या भागात काहीतरी चुरचुरतं; संत्र्याची साल पिळताना बारीक तुषार उडतात तशी जाणीव, पण आंबट अजिबात नाही. त्यामागून मेण येतं. दोन-तीन मिनिटांनी पट्टी पुन्हा नाकाशी नेली की फुलं पुढे आलेली असतात, पण ती वेगवेगळी काढता येत नाहीत. गुलाब आहे असं म्हणेपर्यंत जाई सरकते, जाई धरावी तर काहीतरी पिवळं, साय धरल्यासारखं इलँग-इलँग मध्ये येतं. हे इलँग-इलँग आपल्या हिरव्या चाफ्याच्या आणि सीताफळाच्या कुळातलं आहे, आणि ते माहीत असलं की त्यातली फळासारखी गोडी लगेच कळते. तास-दोन तासांनी अल्डिहाइडं उडून गेलेली असतात. खाली उरतात चंदन, वाळा, व्हॅनिला आणि कस्तुरीसारखे पदार्थ. वाळा म्हणजे उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच.

मधल्या टप्प्यात फुलं अशी उजळून का निघतात? बोच्या मिश्रणात अल्डिहाइडांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असल्याचं सांगितलं जातं, तरी ती नसतील तर सगळा डोलारा खाली बसतो. मिरजेत तंबोरा बनवणाऱ्यांच्या कारखान्यात गेलात तर हे कानाने समजून घेता येतं. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून घासून अशी वाट दिली जाते की तार तिला किंचित चाटत कंप पावते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधली की एका सुरातून स्वरांचा झगमगाट उठतो. ती जवारी. तार तीच, खुंटी तीच, स्वरही तोच, पण आता तो खोली भरून टाकतो. अल्डिहाइडं फुलांची जवारी लावतात. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची हीच कारागिरी आहे. गंधकाराचं कामही असंच कानशीने एकेक केस काढण्याचं असतं. सी-१२ जरा जास्त पडलं तर मेणबत्ती, जरा कमी पडलं तर जुनी, जड फुलं.

जड फुलं का, तर खरी जाई जड असते. परफ्यूमला लागणारी जाई ग्रास या फ्रेंच गावाभोवती पिकते, आणि आज जगाच्या बाजारात तमिळनाडूतूनही मोठ्या प्रमाणावर येते. एक किलो शुद्ध अर्क काढायला सुमारे सहाशे किलो फुलं लागतात, आणि एका किलोत आठ-दहा हजार फुलं भरतात. या अर्कात इंडोल नावाचा रेणू असतो. शुद्ध इंडोल हुंगलं तर डांबराच्या गोळ्या आणि कुजकं काहीतरी आठवतं. रात्री माळलेला मोगऱ्याचा गजरा सकाळी उशीवर पिवळट पडलेला असतो, त्याच्या वासात गोडीबरोबर जे अंगाचं, थोडं अस्वस्थ करणारं असतं त्यातला एक वाटा इंडोलचा. फुलाला जिवंत ठेवणारा हा भाग काढून टाकला तर वास प्लास्टिकचा होतो, आणि ठेवला तर काही नाकांना सोसत नाही. अल्डिहाइडं ही अडचण सोडवतात. ती इंडोलला झाकत नाहीत, त्याच्यावर ऊन पाडतात. अंगाचा वास आणि धुतल्याचा वास एकाच श्वासात! या जातीच्या सुगंधाची ओढ मला याच ताणात दिसते. नहाणं झालेलं आहे, कापड कोरं आहे, पण आत माणूस आहे.

या कहाणीत एक झाड आपल्या बांधावरचं आहे आणि त्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. एरंड! एरंडेल तेलातल्या मेदाम्लावर प्रक्रिया करून ते तीव्र उष्णतेत फोडलं की दोन तुकडे पडतात. एक अकरा कार्बनचा, ज्यापासून सी-११ अनडेसिलेनिक अल्डिहाइड बनतं. दुसरा सात कार्बनचा, म्हणजे हेप्टॅनाल. या हेप्टॅनालचा कडू बदामाच्या वासाच्या बेंझाल्डिहाइडशी संयोग केला की जॅस्मिनाल्डिहाइड मिळतं. त्याला जाईची झाक असते, ते स्वस्त असतं आणि साबणात टिकतं. बाळाच्या पोटावर चोळायचं किंवा दिव्यात घालायचं ते दाट, चिकट तेल, आणि त्यातून एकीकडे मेणचट चमक, तर दुसरीकडे जाई. जगातलं बहुतेक एरंडेल भारतात तयार होतं आणि त्यातला मोठा वाटा गुजरातचा आहे. सातारा-सांगलीत एरंड बांधावर, परड्यात, उकिरड्याच्या कडेला असा आपोआप उगवणारा. त्याच्या बियांत अर्धी परफ्यूमरी दडलेली असेल असं त्याच्याकडे बघून कधी वाटणार नाही.

आपल्या जुन्या सुगंधांचा साचा मात्र पूर्ण वेगळा होता. कनौजला तांब्याच्या डेगेत फुलं उकळून त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात मुरवतात. अत्तर तयार होतं ते तिथेच, तेलात. त्यात अल्कोहोल नाही, म्हणून उसळी नाही. कापसाचा बोळा कानाच्या पाळीत ठेवायचा, अंगाच्या उबेने तो हळूहळू उलगडू द्यायचा. साताऱ्याच्या गादीपुढे आणि सांगली-मिरजेच्या पटवर्धनांच्या संस्थानांत दरबार बरखास्त होताना अत्तर-गुलाब देण्याची रीत होती आणि लग्नाच्या मांडवात ती कालपरवापर्यंत टिकली. मनगटावर एक पुसटशी रेघ, अंगावर गुलाबपाण्याचे दोन शिंतोडे. दिवाळीच्या उटण्यातही तीच अभिरुची दिसते: वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद. सगळे वास मातीखालचे, मुळांचे आणि कंदांचे. हळदीच्या बाजारपेठेत वाढलेल्या सांगलीकराचं नाक या खालच्या सुरांत तयार झालेलं असतं. हरिपूरच्या पेवांतून हळद बाहेर निघायची त्या काळात तर तो वास गावाच्या हवेतच होता. हळदीचा मुख्य गंध असलेले टर्मेरोन हे रेणूही जड आणि सावकाश उडणारे. अशा नाकापुढे अल्डिहाइडिक फ्लोरल पहिल्यांदा येतं तेव्हा ते वरच्या पट्टीतलं, जरा काचेसारखं वाटतं.

पण ते आलं बाटलीतून नव्हे, साबणाच्या वडीतून. साबणाच्या धंद्याला हा साचा फार सोयीचा होता. साबणाच्या मूळ गोळ्यालाच चरबीचा वास असतो. नाजूक फूल त्यात बुडून जातं. अल्डिहाइडं मात्र त्याच कुळातली असल्याने त्या वासात मिसळून त्याला वर उचलतात. शिवाय थोडकी पुरतात. म्हणून पॅरिसचा महागडा आराखडा काही दशकांतच अंगाच्या साबणांत, पावडरच्या डब्यांत आणि चेहऱ्याच्या क्रीममध्ये उतरला. इकडे त्याच काळात मराठी मध्यमवर्ग हे सगळं न्हाणीघरात आणू लागला होता. किर्लोस्करवाडीहून निघणारी ‘किर्लोस्कर’ आणि १९३०पासून ‘स्त्री’ ही मासिकं त्या घरांत पोचत होती, आणि टापटीप, आरोग्य, सुशिक्षित गृहिणी हे शब्द त्यांच्याबरोबर येत होते. १९४१मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीतली ही पहिली भारतीय तारका मराठी होती. पुढे टाटा ऑइल मिल्सच्या गोल, जाडजूड मोती साबणाने दिवाळीची पहाट व्यापली, इतकी की अभ्यंगस्नानाच्या पाटापाशी उटण्याची वाटी आणि साबणाची वडी शेजारी शेजारी बसल्या. उटणं मातीखालच्या जगाचं होतं आणि साबण नव्या जगाचा.

या क्रमात एक उलटापालट झाली आणि तिची किंमत या सुगंधांना अजून मोजावी लागते. परफ्यूम आधी होतं, साबणाने त्याच्याकडून उसनं घेतलं. पण आपल्यापैकी बहुतेकांना साबण आधी भेटला. मग मूळ सुगंध हुंगला की वाटतं, हा तर साबणाचा वास, आजीच्या कपाटातला वास. यात कमीपणा का मानावा ते मला कळत नाही. आजीच्या कपाटात धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेलं पातळ होतं, पावडरचा डबा होता, कधी एखादं सुकलेलं सोनचाफ्याचं फूल होतं. हे सगळं एका बाटलीत आणायला निष्णात गंधकारांना वर्षं लागतात. आज दुकानांत जे नवीन सुगंध खपतात, साखर, कॅरॅमेल, फळांचं सरबत यांचे, ते पहिल्याच श्वासात सगळं सांगून मोकळे होतात. अल्डिहाइडिक फ्लोरल तसं करत नाही. तासाभराने ते वेगळं असतं, संध्याकाळी आणखी वेगळं.

हे सगळं रसायन परदेशातच घडत राहिलं असंही नाही. नंबर ५च्या पुढच्याच वर्षी, १९२२मध्ये, मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी सुरू झाली. पुढे वझे कुटुंबाने वाढवलेली ही मराठी कंपनी देशातल्या मोठ्या सुगंध-उत्पादकांत गणली जाते. केवा आणि कोब्रा ही तिची नावं अगरबत्तीवाल्यांना, साबणवाल्यांना आणि केशतेल बनवणाऱ्यांना तोंडपाठ असतात. ग्राहकाला मात्र क्वचितच माहीत असतात, कारण सुगंध दुसऱ्याच्या डब्यातून विकला जातो. मुलुंडचं विनायक गणेश वझे महाविद्यालय, लोकांच्या तोंडी केळकर कॉलेज, तिथे सुगंधी द्रव्यं आणि सौंदर्यप्रसाधनं या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. कऱ्हाड किंवा मिरजेच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या आणि पुढे औषध कंपनीशिवाय काही सुचत नसलेल्या मुलांनी ही वाट जरूर पाहावी. नाक तयार करता येतं. पट्टीवर एकेक द्रव्य हुंगून, नाव लिहून, दुसऱ्या दिवशी न बघता ओळखायचं. सी-१०साठी कोथिंबीर आणि संत्र्याची साल, लिनलूलसाठी धने, इंडोलसाठी कोमेजलेला गजरा: अभ्यासाचं पहिलं कपाट घरातच भरलेलं असतं.

आता वापराविषयी थोडं, कारण आपल्या हवेत हे सुगंध जपावे लागतात. अल्डिहाइडांना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग करून आम्ल होण्याची खोड असते. डेकॅनालचं डेकॅनॉइक आम्ल झालं की त्याला खवट, बोकडासारखा वास येतो. उष्णता आणि उजेड हे काम वेगाने करतात. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे जातो, आटपाडी-जतकडे त्याहून कोरडं ऊन असतं, आणि बाटली खिडकीजवळच्या आरशाखाली ठेवलेली असते. वर्ष-दीड वर्षात पहिला थर मरतो. मग फवारल्यावर दोन मिनिटं काहीतरी आंबूस येतं आणि त्यानंतर फुलं कशीबशी उभी राहतात. ‘हे डुप्लिकेट दिसतंय’ अशी शंका येते, प्रत्यक्षात ते उन्हाने म्हातारं झालेलं असतं. बाटली तिच्या खोक्यात घालून लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवावी. अर्धी संपलेली बाटली लवकर वापरून टाकावी, कारण आतली रिकामी जागा म्हणजे हवाच.

दमट उकाड्यात अल्डिहाइडं एकदम उडून जातात आणि घामाशी त्यांचं जमत नाही. मेमध्ये सांगलीच्या बाजारात दुपारी हिंडताना वाळ्याचं किंवा मोगऱ्याचं अत्तर कितीतरी अधिक शोभतं. या जातीच्या सुगंधाचा खरा हंगाम आपल्याकडे दिवाळीनंतर सुरू होतो. साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्यावरून गार वारा उतरत असतो, हवा कोरडी असते, रेणू सावकाश सुटतात आणि वरचा थर दहा-पंधरा मिनिटं शाबूत राहतो. मनगटापेक्षा कापडावर लावून पाहावं, तेही उन्हात वाळलेल्या साध्या सुती रुमालावर, कारण तिथे कापडाचं स्वतःचं नोनॅनाल आधीच हजर असतं. रेशमावर आणि फिक्या पदरावर नको, डाग राहतो. पूर्ण बाटली घेण्याआधी दोन-पाच मिलीलीटरची कुपी मिळाली तर तीच घ्यावी, दुकानात पहिल्या मिनिटाला निकाल देऊ नये, आणि रुमाल खिशात ठेवून दुपारच्या जेवणानंतर पुन्हा हुंगावा. तोवर चंदन वर आलेलं असतं.